साडूची शिडाची बोट

सोमवार, ३ नोव्हेंबर

साडू शिडाची बोट घेणार! लातूरचा माणूस — ज्या गावाला एकदा रेल्वेनं पाणी न्यावं लागलं — तो बोट घेणार! आणि मी नांदेडात, गोदावरीच्या काठी बसून पाण्याच्या मोटारी विकतोय. मला हे आजवर सुचलंच नाही. तेच जास्त लागलं.

मृत्युंजयचा फोन दुकानात आला. डाळमिल पोराकडं सोपवली, आता हिवाळाभर गोव्यात बोटीवर राहणार म्हणे. दोन जुन्या बोटी बघून ठेवल्यात. "साडू, तुम्ही चला. तुमचा कान पाहिजे मला."

कान! पेचकसाचं एक टोक मोटारीला, दुसरं कानाला — बेअरिंग कुठं खातंय ते मी सांगतो. उमरी-अर्धापूरचे शेतकरी त्याच्यासाठीच येतात. वाइंडिंगच्या टपरीचं दुकान झालं ते ह्या कानावर. आता ह्याच कानानं साडूचं सुख तपासायचं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

मंजुश्रीनं जेवता जेवता बोटींचे फोटो बघितले. मृत्युंजयची शिल्पा म्हणजे हिची सख्खी धाकटी बहीण, त्यामुळं अगत्य असणारच. पण किती? "आत स्वयंपाक होतो का? ही दोरी कशाची? वारा समोरून आला तर?"

माझ्या नव्या शोरूमचे फोटो दाखवले होते तेव्हा म्हणाली, "छान." बस्स!

रविवार, ९ नोव्हेंबर, गोवा

बघितल्या दोन्ही.

पहिली रुंद, पोट सुटलेली. खाली दोन खोल्या. शेगडी अशी टांगलेली की बोट कलंडली तरी दूध सांडायचं नाही. संडाससुद्धा! विकणारा म्हणाला, शर्यतीत ही शेवटी येईल, पण लांबच्या प्रवासाला आणि राहायला हिच्यासारखी नाही. मृत्युंजय लगेच गादीवर आडवा. "घर हाय साडू, घर!"

दुसरी अरुंद. डोलकाठी ही उंच! शर्यतीची. आत वाकून शिरायचं, झोपायला दोन फळ्या. राहायचं नाव काढू नका. किनाऱ्या-किनाऱ्यानं फिरायला ठीक, पण वारा भरला की सुसाट म्हणे. हाकायला मात्र दोघं लागतातच.

दोन्ही पाण्याबाहेर काढून ठेवलेल्या. मी पेचकसाच्या मुठीनं ठोकत निघालो. अरुंद खणखणीत — या टोकापासून त्या टोकापर्यंत! मग सवयीनं नावं ठेवायला लागलो. रंग उडालाय, शीड मळलंय, दोर जुने, कड्या गंजल्यात... विकणाऱ्याचं तोंड उतरलं.

मग रुंद ठोकली. डोलकाठीच्या बुडाशी आवाज बदलला. भद्द! ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. आत पाणी मुरलंय, कुजलंय.

मृत्युंजय माझ्या तोंडाकडं बघत होता. मी काहीच बोललो नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

खोटं बोललो का? नाही. गप्प बसलो. त्यानं विचारायचं होतं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मंजुश्री रोज शिल्पाशी फोनवर. आज स्वयंपाकघरातून ऐकू आलं — "तुझी मजा हाय गं. आमच्याकडं फिरायला जायचं म्हंजे मोटारीचं प्रदर्शन बगायचं." आणि हसली. असं हसलेली मी कधी ऐकली?

घेऊ दे त्याला ती पोटाळ. दोन वर्षांत डोलकाठी खाली बसेल, मग बसा म्हणावं गादीवर. ती अरुंद मी घेतो! शर्यतीत त्याच्या नाकासमोरून नेतो. हे लिहिताना लई बरं वाटून राहिलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

शिल्पानं मला फोन केला. मुद्दाम. "दाजी, अमावस्या सरली की परवा बोटीचा विसार देणार हे. तुम्ही ठोकून बगितली म्हणून मी निर्धास्त हाय. न्हाई तर ह्यांच्या भरवशावर मी परातीतसुद्धा बसले नसते!"

खिदळत होती. मी "हाव, हाव" म्हणालो. भाकरी तशीच ताटात राहिली. मंजुश्रीनं विचारलं, बरं नाही का. तिला काय सांगू?

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

दुकान उघडायच्या आधीच फोन लावला. "मृत्युंजयराव, रुंद घेऊ नका. डोलकाठीखाली कुजलीय."

तो हसायलाच लागला. "माहीत हाय की!"

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच! साडू, लग्नापासून बगून राहिलो तुम्हाला. जुनी मोटार घेताना ती चांगली असली की तुम्ही शंभर नावं ठेवता, भाव पाडायला. पार गेलेली असली की गप बसता. समोरच्याचं वाईट वाटतं ना तुम्हाला! त्या दिवशी गप बसले, मी तिथंच समजलो. आज त्या अरुंदीचाच विसार देऊन राहिलो. राहू किनाऱ्यावर खोली घेऊन."

म्हणजे शिल्पा परवा अरुंदीबद्दलच बोलत होती!

माझी बोट गेली. वर त्यानं मला भला माणूस ठरवलं. कशाचा राग जास्त आलाय, कळत नाही.

रविवार, ७ डिसेंबर, गोवा

बोट हाकायला शिकवणारा म्हणाला, दोघं या. मृत्युंजय दोर सुटायच्या आधीच ओकला. म्हटलं, आता माझी पाळी! एक पाय बोटीत टाकला, ती हलली — पाय परत धक्क्यावर.

मंजुश्रीनं पदर खोचला आणि शिल्पाचा हात धरून उतरली. दोराची गाठ अशी मारली की शिकवणारा बघत राहिला. माहेरी उदगीरला दोघी विहिरीत उड्या मारायच्या म्हणे. "मला कधी बोलली नाहीस?" "बोलले की. तुम्ही मोटार ऐकत होता."

शीड भरलं. गेल्या! मी आणि साडू धक्क्यावर, चौघांच्या चपला राखत. पाण्यावरून हसणं लई लांबून ऐकू येतं. आमच्यावरच हसत होत्या.