सोंगं काचेत जाणार नाय

बाबा, काल मी नगरपंचायतीत भांडून आले. तू असतास तर आधी माझ्यावर ओरडला असतास, आणि मग ओटीवर जाऊन एकटाच हसला असतास.

भांडण आपल्या बोहाड्याच्या जत्रेवरून. गावाची आता नगरपंचायत झालीये आणि तिला आपल्या संस्कृतीचा एकाएकी पुळका आलाय. नवं सभागृह बांधलंय, त्यात काचेचं मोठं कपाट, आत दिवे. तिथे बोहाड्याची सोंगं मांडायची, म्हणजे कागदाच्या लगद्याचे तू घडवलेले देवांचे, राक्षसांचे सगळे मुखवटे. आणि देवळापुढचा माळ, जिथे ती सोंगं चढवून माणसं नाचतात, जिथे शहापूरकडची, मुरबाडकडची पावणीमंडळी बघायला येतात, तिथे गाड्यांचं पार्किंग. एकाच सभेत दोन्ही ठराव! माझं तर डोकंच फिरलं. संमतीपत्रावर तुझी वारस म्हणून माझी सही हवी होती, म्हणून वाशिंदच्या कारखान्यातून अर्धी रजा टाकून गेले.

सभेत बसले होते आणि सारखी आपली पडवी आठवत होती. चिंचोक्यांची खळ शिजतेय, आई नाकाला पदर लावून चुलीशी बसलीये. मी दहा वर्षांची. वाळलेलं देवीचं सोंग गुपचूप तोंडावर चढवून मी आरशापुढे उभी राहते आणि तू मागून येतोस. मला वाटतं, पोरीच्या जातीनं सोंग घेतलं म्हणून आता मार बसणार. "आरशात काय बघतेस गो?" तू म्हणतोस. "सोंग घेतलंस ना? मंग नाच. नायतर ठेव खाली." मला नाचता येईना, मी रडायला लागले, आणि तू मात्र तोंडानंच ढोल वाजवत बसलास, माझे पाय हलेपर्यंत. त्या दिवसाचा राग अजून गेला नव्हता माझा. काल तोच कामाला आला.

अध्यक्षबाई गोड बोलत होत्या. "अहो ताई, तुमच्या वडलांचीच कला जपतोय आपण. पुढच्या पिढीला बघायला मिळेल."

"बघायला नाय, नाचायला मिळू दे," मी म्हटलं. "कपाट नको आमाला. माळ मोकळा ठेवा, बोहाड्याच्या दिवसांत लाइट-पाणी द्या. आणि सभागृह रविवारी दुपारी पोरांसाठी उघडा, सोंगं बनवायला मी शिकवते."

मागून कुणीतरी खवचटपणे म्हणालं, "ही कधीपासून पुढारी झाली?"

"आजपासून!" मी म्हटलं.

नगरपंचायतीचे मुख्याधिकारी साहेब तसे भले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "पण काचेत मुखवटे सुरक्षित राहतील ना?"

"कुजतील. कोंडलेल्या सोंगाला बुरशी धरते. त्याला वर्षाचं ऊन लागतं, धूप लागतो, माणसाचं अंग लागतं."

"हे कशावरून म्हणता?"

"माझे बाबा म्हणायचे."

तुझा शब्द अजून चालतो रे गावात. बराच खल झाला, शेवटी दोन्ही ठराव मागे घेतले आणि कारण म्हणून तुझं ते वाक्य सभेच्या कागदावर लिहून घेतलं. बाहेर आले तेव्हा बायकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. मला मात्र मान वर करवेना.

कारण तू असं कधीच म्हणाला नव्हतास. तू गेलास, त्यानंतर तुझ्या हातचं शेवटचं सोंग मी कुणाला नाचायला दिलं नाही. चुलतभाऊ मागायला आला, त्याला दारातूनच वाटेला लावलं. म्हटलं, बाबाच्या हातचं आहे, माझ्याजवळ राहू दे. प्लास्टिकात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवलं, कुलूप घातलं. दोन पावसाळ्यांनी उघडलं तर सोंग बुरशीनं काळं पडलेलं, कडांचा भुगा झालेला. उचलायला गेले तर हनुवटी हातातच आली. शेताच्या बांधाला खड्डा करून पुरलं, आईलासुद्धा सांगितलं नाही.

कागदावरचं वाक्य मी खोडायला जाणार नाय. माळ वाचलाय त्याच्यावर. पण तुझा पत्ता असता, तरी हे पत्र टाकायला माझा हात धजला नसता.