बारकी गोळी, मोठी गोळी

जंगलातलं ठाणं, दि. ८ जानेवारी

ती. आईस,
प्रशिकचा सविनय जय भीम. वि. वि.

इथं टॉवर नाही, म्हणून पत्र राशनच्या गाडीसोबत धाडून राहिलो. तब्येत ठीक आहे. वरण मात्र असं भेटते की ताटात डाळ शोधा लागते.

एक काम आहे, अन् तू चिडशीन. मले पाच-छप्पनची रायफल मिळाली. तिची गोळी बारकी. पोरं म्हणतात, ती लागूनही माणूस उभाच राहते, अन् उभा माणूस उलट गोळी झाडते. सात-बासष्टची मोठी गोळी लागली की आडवाच. आमच्या तुकडीतल्या साहिलनं अशीच एका नक्षल्याले बारकी गोळी मारली, तर तो साहिलचाच खांदा फोडून पळाला. तू पोलिसांच्या चांदमारीवर नेमबाजी शिकवणारी उस्ताद होतीस, शस्त्रागाराचे मधुसूदन साहेब तुझ्याच हाताखाली नेम शिकले. रायफल बदलून द्यायले त्यायले एक फोन कर ना वं. जीवाचा प्रश्न आहे.

लोभ आहेच, तो थोडा फोनकडे वळव.

तुझा प्रशिक


लकडगंज, नागपूर, दि. १५ जानेवारी

चि. प्रशिक यास,
आईचे अनेक आशीर्वाद व जय भीम.

पत्र वाचलं अन् डोकंच फिरलं माझं. नाचता येईना, अंगण वाकडं! गोळीले काहून शिव्या देतोस? साहिलले विचार, लागली होती कुठं? घाबरून घोडा झटक्यानं ओढला तर तोफही झाडालेच लागते. मोठी गोळी झाडणाऱ्याच्याच खांद्याले धक्का देते, दुसऱ्या गोळीपर्यंत नेम हलून जाते. ज्यायनं श्वास धरला अन् बोट हळू दाबलं, त्यायनं कोणत्याही रायफलीनं निशाणाच्या फळीच्या मधातच भोक पाडलं, हे मी आयुष्यभर पाहिलं.

म्हणून मी फोन करणार नाही. तुझे बाबा माझ्याशी बोलून नाही राहिले. म्हणतात, पोराच्या जीवापेक्षा हिले उस्तादी मोठी. मलेही घास गोड लागत नाही, बेटा. पण दोष गोळीचा आहे असं खोटं कसं सांगू? रिकाम्या रायफलीवर रोज सकाळी सराव कर.

राग माझ्यावर काढ, रायफलीवर नको.

तुझी आई


जंगलातलं ठाणं, दि. २० फेब्रुवारी

ती. आईस,
सविनय जय भीम.

मी सुखरूप आहे, हे आधी बाबाले सांग. ओरखडाही नाही.

तू जिंकलीस. मंगळवारी नाल्यापाशी नक्षल्यांशी गाठ पडली, समोरून गोळीबार सुरू झाला. तू शिकवलं तसा श्वास धरला, बोट दाबलं. एकच गोळी, तीच बारकी, समोरच्या एकाच्या छातीत.

तो पडला नाही, खाली बसला. जवळ गेलो तर त्यानं पाणी मागितलं. माझ्याच बाटलीतून पाजलं. माडिया बोलीत काही बोलला, मले समजलं नाही. मग गेला. माझ्याच वयाचा असंन. सगळे माझी पाठ थोपटून राहिले, साहेबांनी बक्षिसासाठी नाव धाडलं.

आई, रोज सकाळी पंचशील म्हणतो मी. आता पहिलंच शील तोंडातून निघत नाही. प्राणिहिंसेपासून दूर राहीन म्हणायचं, अन् तिथंच जीभ अडते. दुसऱ्यापासून सुरू करून पाहिलं, तेही जमत नाही. एवढा नेम शिकवलास, यानंतर काय करायचं तेही सांग.

उत्तर लवकर दे, माया आहे तेवढी सगळी लागंन.

प्रशिक


लकडगंज, नागपूर, दि. २७ फेब्रुवारी

चि. प्रशिक यास,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

तू जिता आहेस हे वाचून तुझे बाबा ढसाढसा रडले, मीही रडली. नेम शिकवल्याचा मले पस्तावा नाही. तो चुकला असता तर आज पत्र लिहायले तू नसता.

पण पूर्ण नोकरीत मी माणसावर एकही गोळी झाडली नाही. चांदमारीवर फळी पडली की आपण दुसरी लावतो. फळी कधी पाणी मागत नाही. पुढचं मले कोणी शिकवलंच नाही, तर तुले काय सांगू?

रविवारी विहारात हात जोडून बसली, अन् पहिल्या शीलापाशी माझाही आवाज गेला. बाजूच्या दामिनीबाईनं घसा बसला समजून खडीसाखर दिली.

शनिवारच्या बसनं येते. बाबाही येतो म्हणतात. ठाण्याबाहेर जिथं बसू देतील तिथं बसू. पहिलं शील तू म्हण, तू अडला तर मी म्हणीन. दोघंही अडलो तर गप बसून राहू. पण ते सोडून दुसरं म्हणायचं नाही.

बाकी भेटीत.

तुझी आई