तिसऱ्या मजल्यावरची कप्पी

४ जून, सोमवार
ही आज धाकट्या बहिणीकडे राहायला गेली. जाताना म्हणाली, की आता माझ्याच्याने हे निभणार नाही. जिन्यांचं म्हणत होती. तिसरा मजला, लिफ्ट नाही, त्यात हिचे गुडघे. बहिणीचं घर तळमजल्यावर आहे. म्हणजे प्रश्न शुद्ध यांत्रिक. जन्मभर शाळेत साधी यंत्रं शिकवली, आता घरीच प्रॅक्टिकल. संकल्प : दोर, कप्प्या आणि एक भक्कम खुर्ची. महिनाअखेर ही गॅलरीतून थेट घरात!
चहा स्वतः केला. साखर सापडली नाही, पण तशीही कमीच करायची होती.

७ जून, गुरुवार
लेकीचा फोन. तिला योजना सविस्तर सांगितली. तिने विचारलं, की बाबा, तुम्ही आईला फोन केलात का? म्हटलं, आधी आकृती पूर्ण होऊ दे. तिने फोनच ठेवून दिला. तिचं सायन्स पहिल्यापासून कच्चं आहे.

१० जून, रविवार
दोर आणि कप्प्या आणल्या. पिशवी वर नेताना दुसऱ्या मजल्यावर दम लागला, पायरीवर टेकलो. खालचा शिंपी बघायला आला. म्हणाला, की वहिनी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चढायच्या, कधी बसलेल्या दिसल्या नाहीत. म्हटलं, दोन्ही हातांत वजन सारखं वाटून घ्यायला मीच शिकवलं होतं. तो मान डोलावून पुन्हा मशीनवर जाऊन बसला.

१३ जून, बुधवार
खुर्चीला वाट हवी म्हणून गॅलरीच्या दाराजवळचं कपाट हलवलं. पहार आणि विटेचा टेकू. कपाट बोटभर सरकलं, फरशी फुटली. तत्त्व बरोबर होतं, वीट कच्ची निघाली.
कपाटाच्या पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा सापडला. कपाट डुगडुगतं हे हिने मला कधी सांगितलंच नाही. सांगितलंही असेल. मी तेव्हा पाचरीचं तत्त्व समजावल्याचं अंधुक आठवतं. पुठ्ठा परत तिथेच सरकवला.
दुपारभर पलंगावर पडून होतो. वाईट वगैरे काही वाटत नाही. काहीच वाटत नाही. एकाग्रतेला हे चांगलं.

१८ जून, सोमवार
चाचणी. खुर्चीत हिच्याऐवजी रद्दीचे गठ्ठे ठेवले. हिचं वजन किती ते माहीत नव्हतं, लेकीला विचारलं तर म्हणाली आईलाच विचारा. दोन कप्प्यांमुळे जोर निम्माच लागतो. तरी खुर्ची पहिल्या मजल्याच्या खिडकीसमोर येईपर्यंत हात सोलवटले. दोर गॅलरीच्या कठड्याला बांधून आत आलो. खिडकीतल्या बाई ओरडत होत्या, की उजेड अडतोय. विज्ञानाला समाजाचा विरोध नवा नाही.

२१ जून, गुरुवार
खुर्ची वरपर्यंत आली! शिंप्याने खालून थोडा रेटा दिला, पण तो धरायचा नाही. लगेच हिला फोन केला. माझं यंत्र तयार आहे, म्हटलं. ही म्हणाली, शनिवारी येते. इतकंच. एका वाक्यात मान्य केलं. घर झाडलं. गॅलरीपुरतं.

२३ जून, शनिवार
ही आली. साडूंच्या गाडीतून. मी खाली खुर्ची पुसून तयार होतो. हिने विचारलं, की ही कुणासाठी? म्हटलं, तुझ्यासाठी. हिने खुर्चीकडे पाहिलं, माझ्या सोललेल्या हातांकडे पाहिलं, आणि जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी चढून वर गेली. बहिणीकडे गुडघे सुधारलेले दिसतात.
वर जाऊन हिने ट्रंक भरली. सगळे कपडे. मग म्हणाली, की जड झालीय, जरा हात लावा. मी म्हटलं, हात कशाला, कप्पी आहे ना! ही माझ्याकडे बघत राहिली. मग बाजूला झाली.
खुर्ची वर आणून ट्रंक तिच्यात बांधून सोडली. कुठे अडकली नाही, भिंतीला घासली नाही. अगदी अलगद उतरली. साडू आणि शिंप्याने ती गाडीत ठेवली. निघताना ही म्हणाली, यंत्र चांगलं झालंय. साखर वरच्या फळीवर, डाळीच्या डब्यामागे आहे, असंही म्हणाली.
रिकामी खुर्ची वर ओढून घेतली. दोन कप्प्या असूनही जड लागली. तेल घालायला हवं. तेल कुठे असतं, ते विचारायचं राहिलं.