नानांच्या गाडीला घाटी चढवताना

दाभोळ, वरची वाडी
शिमग्याच्या आधीचा रविवार

ती. स्व. दादास,

धाकट्या गुरूचा, कंबर जेवढी वाकते तेवढं वाकून केलेला नमस्कार. (पूर्वी साष्टांग घालत असे. हल्ली खाली गेलो की वर आणायला नम्रताला हाक मारावी लागते, तेव्हा भावना पोचली असं समज.) इकडे सर्व क्षेम आहे. तुझे गुडघे, साखर आणि झोप या तिघांची खुशाली कळव. निलेशला आणि सूनबाईला आशीर्वाद सांग. पत्र बघून दचकू नको, कोणी गेलेलं नाही. फोनवर तू मला दोन वाक्यं बोलू देतोस आणि तिसऱ्याला 'बरं, ठेवतो' म्हणून मोकळा होतोस. पत्राला तसं करता येत नाही, म्हणून हा खटाटोप. पोस्टात पाकीट मागितलं तेव्हा तिथल्या बाईंनी आधी माझ्याकडे, मग कपाटाकडे आणि मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. शेवटी सापडलं. डिंक वाळला होता, भात लावून चिकटवणार आहे.

विषय नानांच्या गाडीचा, त्यांच्या जुन्या फटफटीचा. दिवाळीत तू म्हणालास, ती पडवीत गंजत पडलीय, भंगारवाल्याला देऊन टाक. वर म्हणालास, मी काय आता तिकडे येत नाही, गुडघ्यांनी घाटी चढवत नाही आणि रिक्षावाले वाडीत यायला तयार नाहीत. एका दमात तू गाडीही मोडीत काढलीस आणि गावही. मी 'बरं' म्हटलं. (आपल्या घराण्यात 'बरं'चा अर्थ 'मुळीच नाही' असा होतो हे तुला ठाऊक आहे. नानांनी आईला आयुष्यभर 'बरं' म्हटलं आणि एकही गोष्ट ऐकली नाही.) दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताडपत्री ओढली.

ओढली आणि परत घातली. सीटवर नम्रताची तुरेवाली कोंबडी खुडूक बसली होती. नम्रताने बजावलं की पिल्लं निघेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. म्हणजे आपल्या बापाची गाडी दुरुस्त करायला मी कोंबडीच्या सवडीची वाट बघत बसलो. एवढ्या वेळात निदान हत्यारं जमवावीत म्हणून नानांची पेटी उघडली, तर पाने सगळे होते पण नटांना बसेल असा एकही नव्हता. नाना सगळं एका पकडीने आणि शिव्यांनी करत. पकड सापडली. शिव्या मी बऱ्याचशा विसरलो होतो, त्या पुढे कामाच्या ओघात आठवल्या.

पहिलं काम पेट्रोलची टाकी. आत गंज इतका की हलवली तर खुळखुळ्यासारखी वाजे. आता तांब्याची भांडी आपण कशाने घासतो? आमसुलाने. गणपतीची समई कशाने झळकते? आमसुलाने. मग टाकीच तेवढी सोवळ्यातली का? मी नम्रताच्या फडताळातल्या कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या टाकीत ओतल्या, वर मूठभर खडी टाकली आणि टाकी मांडीवर घेऊन, तान्ह्या पोराला झोपवावं तशी, दुपारभर हलवत बसलो. संध्याकाळी रिकामी करून आत बॅटरी मारली तर दादा, काय सांगू, आतून रुप्यासारखी लखलखत होती. नम्रताला बोलवून दाखवली, शेजारच्या तुळसाकाकीला बोलवून दाखवली. सकाळी परत बघतो तर आधीपेक्षा दुप्पट लाल. नम्रता म्हणाली, आगळ टिकावं म्हणून त्यात दर वर्षी ओंजळी-ओंजळीने मीठ घालते, हे लग्नाला एवढी वर्षं होऊन तुम्हाला माहीत नाही? खारं पाणी आणि खाडीचा वारा, दोघांनी मिळून रात्रीत टाकी खाल्ली. माझी सोलकढी वर्षभरासाठी बंद झाली ती निराळीच.

एकट्याच्याने हे होणार नाही असं ठरलं आणि मी बाबल्याला बोलावलं. (तुझ्या बाकावर बसणारा, परीक्षेत तुझं बघून लिहून तुझ्यापेक्षा जास्त मार्क मिळवणारा बाबल्या, तोच. हल्ली मच्छीमार बोटीवर इंजिन सांभाळतो.) मी म्हटलं, बाबा रे, तुझं इंजिन डिझेलचं, हे पेट्रोलचं, तुला जमेल का? तर म्हणतो, "जा पान्यात चालताय ता जमिनीवर नाय चालनार व्हय?" मी पकड त्याच्या हातात दिली. बाबल्याची पद्धत अशी की जे सुटं दिसेल ते जाळ्याच्या नायलॉन दोरीने आवळायचं आणि जे घट्ट दिसेल ते ढिलं करायचं. पहिल्या दिवशी त्याने गाडी इतकी बांधली की हँडल एकाच बाजूला वळू लागलं. घराकडून बाजारात जाता आलं असतं, परत येता आलं नसतं.

टाकी मग चिपळूणहून दुसरी आणली आणि गाडी सुरू झाली. पण सायलेन्सरच्या आतली जाळी गंजून गळाली होती, त्यामुळे आवाज असा की वरच्या आळीत म्हाताऱ्यांनी कानात बोटं घातली. बाबल्या म्हणाला, आत सोडणं ठास, आवाज मरेल. नारळाच्या सोडणांना आपल्याकडे काय तोटा. ठासली. आवाज खरंच मेला. गाडी मांजरासारखी गुरगुरत अंगणातून बाहेर पडली, आणि आंब्यापर्यंत जाते न जाते तोच मागून धुराचा असा लोट निघाला की पलीकडच्या वाडीला वाटलं यंदा शेतांची भाजावळ लवकर सुरू केली. एक जण कळशी घेऊन धावत आला आणि माझ्या अंगावर ओतून गेला. या सगळ्यात खूश झाली ती एकटी तुळसाकाकी. तिच्या गोठ्यातले डास पार नाहीसे झाले. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला दारात हजर. "गुरू, जरा गोठ्याकडनं फिरव रं तुजी गाडी, म्हशीला झोप नाय." मी तिला समजावलं की हे वाहन आहे, धुरी नव्हे. मग म्हशीचं तोंड बघून एक फेरी मारली.

आता मुख्य गोष्ट, घाटी. तुझ्या वेळची पायवाट जाऊन काँक्रीट झालंय, पण चढ तोच आणि फणसाजवळचं वळणही तेच. रिक्षावाले खालूनच हात जोडतात, त्यात खोटं नाही. नुसता मी असलो की गाडी वर येते. मागे माणूस बसला की फणसाजवळ तिचा दम संपतो. बाबल्याला मागे बसवून बघितलं तर वळणावर गाडी थांबली, क्षणभर विचारात पडली आणि मागे यायला लागली. ब्रेक लावले, पण ते बाबल्याने बांधलेले. आम्ही दोघे मागच्या मागे तुळसाकाकीच्या पेंढ्याच्या उडवीत जाऊन बसलो. बाबल्या आतूनच म्हणाला की बोटीला असं होत नाही. त्यानंतर मी मागच्या चाकाचं चेन स्प्रॉकेट मोठं बसवलं, जास्त दात्यांचं, म्हणजे चढाला जोर येतो. जोर आला, पण दोघांना पुरेल इतका नाही, आणि वेग मात्र गेला. सपाटीवर शाळेतली पोरं सायकलची घंटी वाजवून मला मागे टाकतात आणि वर 'काका, ढकलू?' असं विचारतात. कार्बोरेटर तर रोज पिळतो. हवेचा स्क्रू थोडा उघडला की गाडी खोकते, थोडा मिटला की शिंकते, आणि या दोहोंच्या मध्ये कुठेतरी नानांची गाडी आहे. ती कानाने शोधावी लागते.

हे लिहिताना हसतोय, पण दादा, त्या वळणावर गाडी थांबली ना, तेव्हा उडवीत पडल्या पडल्या मला दुसरंच दिसत होतं. नाना दापोलीहून विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून सुटून यायचे आणि आपण दोघे बाजारात घाटीच्या तोंडाशी उभे असायचो. मी पुढे टाकीवर, तू मागे, आणि तुझ्या कवेत आंब्याची कलमं. (आपल्या अंगणातला प्रत्येक हापूस तुझ्या मांडीवर बसून घाटी चढलाय.) फणस आला की इंजिन रडू लागायचं आणि नाना मागे न बघताच म्हणायचे, "आतू, उतर." तू कलमं माझ्या हातात द्यायचास, उतरायचास आणि कॅरिअरला हात लावून गाडीबरोबर धावत, ढकलत वर यायचास. मी नवरदेवासारखा टाकीवर बसून आरडाओरडा करायचो. नाना वर पोचल्यावर आईला सांगायचे की गाडीला दोन इंजिनं आहेत, एक पेट्रोलवर चालतं आणि एक भाकरीवर. पुढे तू मुंबईला नोकरीला गेलास तोही घराला मागून ढकलायलाच. मला त्या घाटीची आठवण आली की गाडीचा आवाज आठवत नाही, तुझ्या चपलांचा आठवतो. फार आठवतो, हल्ली तर रोजच.

वहिनी गेल्यापासून तू गावात पाऊल टाकलं नाहीस. तिकडे डोंबिवलीच्या घरात खिडकीशी बसून असतोस हे निलेश सांगतो. मी काही म्हणत नाही. म्हणायला गेलो की तू फोन ठेवतोस. पण एक ऐक. शिमग्यात पालखी दारात आली की पहिला नारळ थोरल्याने द्यायचा, ही आपली रीत. गेले दोन शिमगे मी देतोय. आत्माराम कुठाय, असं कोणी विचारत नाही, पण नारळ घेताना देवाला गाऱ्हाणं घालणारा गावकार माझ्या खांद्यावरून मागे बघतो. गेल्या वर्षी त्याने गाऱ्हाण्यात आपणहून घातलं, "ह्या घरचा थोरला परमुलखात बसलाय म्हाराजा, त्याची वाट मोकळी कर." सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले. मी जरा जास्तच मोठ्याने म्हणालो असेन, कारण नम्रताने पदर डोळ्याला लावला आणि बाबल्या उगाच पालखीच्या दांड्याची दोरी तपासू लागला.

तर आता गाडीचं काय करायचं ते तूच ठरव. कागद तुझ्या नावावर आहेत. नानांनी ती तुझ्या नावावर केली तेव्हा मी आठवडाभर जेवलो नव्हतो असं आई सांगायची (रात्री उठून खात होतो, हे तिला ठाऊक होतं). तू दे म्हणालास तर भंगारात देईन. मात्र एकदा येऊन तिचा आवाज ऐक आणि मग सांग. मी सगळं करून थकलो. एकट्याला नेते, दुसऱ्याला घेऊन फणसाजवळ थांबते ती थांबतेच. तुझा कान नानांसारखा आहे. तू नुसता अंगणात खुर्ची टाकून बस आणि 'उघड, मीट' एवढंच सांग, स्क्रू मी फिरवीन. घाटी चढायचं कसं ते बघू, पालखी उचलणारे गावात पुष्कळ आहेत, तुला उचलणं त्यांना काय जड आहे.

बाकी पत्रास कारण एवढंच. काजू बरा आहे, आंब्याचं आताच काही बोलू नये. नम्रताचा नमस्कार.

तुझा धाकटा,
गुरू

ता. क. : कार्बोरेटरची सुई झिजलीय, खोट तिथेच असावी. इथे कुठे मिळत नाही. मुंबईत जुन्या बाजारात नक्की मिळेल. कुरिअरने पाठवू नको, ती फार नाजूक असते, वाकते. स्वतःच्या खिशात घालून आण. खेडला उतरून एसटी धर, मी खाली बाजारात उभा राहतो.

ता. क. दुसरा : सुई नाही मिळाली तरी ये.

मोठ्या भाऊजींना नम्रताचा नमस्कार. पाकीट भात लावून चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून दोन ओळी घालते. सुई गेल्या महिन्यातच मिळाली, बसवलीसुद्धा. गाडी उत्तम झाली असं लिहिलं तर तुम्ही 'बरं' म्हणाल आणि येणार नाही, म्हणून ह्यांनी ती पत्रात आजारी ठेवलीय. ह्यांनी निलेशला फोन करून तुमचं वजन विचारून घेतलं. तेवढा भात दोन गोण्यांत भरून मागच्या सीटवर बांधतात आणि रोज सकाळी घाटी चढून बघतात. इतके दिवस फणसाजवळ गोण्या उतरवून, पाठीवर टाकून वर आणत होते. काल गाडी वळणावर थांबली नाही. गोण्यांसकट थेट अंगणात आली. आल्यावर हे गाडी बंद करायचं विसरले आणि पायरीवर बसून रडले.