निळीतली लाली

३ नोव्हेंबर, सोमवार

वांगं! निळा म्हणून आणला आणि सुताची लडी हौदातून काढून वाऱ्यावर धरली तर अस्सल वांग्याचा रंग. महादेवप्पा — आमच्या सूत रंगवायच्या डायहाउसचे मालक — लांबूनच ओरडले, "काय पार्वतम्मा, जुळला का?" म्हटलं, "भरीत करायला जुळतोय. चादरीला नाही."

रंग घेऊन आलेली पोरगी तिथंच उभी होती. ऋतुजा. माढ्याकडची, डॉक्टरेटवाली. चिंचोळीच्या एका नव्या कंपनीत साखर कारखान्याच्या मळीवर जंतू वाढवते, त्यांच्या एन्झाइममध्ये फेरफार करते आणि ते जंतू म्हणे नीळ घालतात! आमची नेहमीची नीळ निघते खनिज तेलातून. ड्रममध्ये बसून येते, मुकाट. दर वेळी तीच. या जंतूंना मात्र लहरी.

मला वाटलं रडेल. नाही रडली. "लाली येतीय, अक्का. एन्झाइम निळ्याबरोबर थोडं तांबडं पण बनवतंय. कमी करते मी."

कर बाई. रंग नमुन्याशी ताडून पास-नापास करणं माझं काम. शेड जुळते किंवा जुळत नाही. माझ्याकडे तिसरा खण नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

महादेवप्पांनी कंपनी बघायला पाठवलं. फाटकातच संडास तुंबल्याचा वास! डायरेक्टर अजिंक्य — बूट पांढरे, दात त्याहून पांढरे — म्हणतो, "अक्का, हा भविष्याचा वास आहे." म्हटलं, "मग भविष्यात पाणी टाका दोन बादल्या."

ऋतुजाने समजावलं. निळीच्या आधीचा अर्धवट माल असा घाण मारतो. एन्झाइमने तो सगळा उचलला की नीळ होते आणि वास जातो. ऐकायला बरं वाटलं. अर्धवट लोकांचंही तसंच असतं, फक्त त्यांना एन्झाइम सापडलेलं नाही.

निघताना अजिंक्यने हसत हसत सांगून टाकलं — मार्चअखेर निव्वळ जंतूंची नीळ मी पास केली तर ठीक, नाहीतर ऋतुजाचा विभाग बंद. तिच्यासमोरच. ती टाकीची काच पुसत होती. पुसतच राहिली.

४ डिसेंबर, गुरुवार

नवी खेप. लाली तशीच. वांगं जरा पिकलंय, एवढंच.

१९ डिसेंबर, शुक्रवार

परदेशी गिऱ्हाईक लागलंय. त्याला तेलाशिवायचा निळा हवा, जानेवारीत नमुना हवा. ऋतुजाची लाली काही हटत नाही. महादेवप्पांनी पान लावता लावता तोड काढली. "निम्मी हिची, निम्मी ड्रमातली. काय पार्वतम्मा, गवळी काय करतो?"

अजिंक्य खूश. त्याच्याकडे शब्द तयारच होता — ब्लेंड! मराठीत केली की भेसळ, इंग्रजीत केली की ब्लेंड.

"आणि चादरीच्या टॅगवर काय लिहिणार?" ऋतुजाने विचारलं.

"'जैविक निळीने रंगवलेली'. आहेच की! खोटं काय त्यात?"

मग तीच म्हणाली, "माझी साफ होईपर्यंतच. नंतर निव्वळ माझी. कबूल?" दोघंही कबूल म्हणाले. लगेच म्हणाले. एवढ्या लगेच कबूल होणारी माणसं मी लग्नाच्या बैठकीतच पाहिली आहेत.

६ जानेवारी, मंगळवार

मिसळीची पहिली लडी. निळी, पण कडेने जांभळी झाक. आपल्या नेहमीच्या नमुन्याशी जुळत नाही, असं म्हटलं. महादेवप्पा म्हणाले, "पाठवू तर दे गं. गोऱ्याचे डोळे काय तुझ्याएवढे तिखट?"

२३ जानेवारी, शुक्रवार

गोरा फिदा! "या निळ्यात जीव आहे," म्हणाला म्हणे. म्हणजे जी लाली काढायला पोरीने डोळे फोडले, तीच.

त्याच्या सहीशिक्क्याचा मंजूर नमुना आला. माझ्या कपाटात ठेवला. आता हा तुकडा म्हणजे कायदा. प्रत्येक खेप याच्याशी जुळली पाहिजे, बाकी कशाशी नाही. जुना नमुना खाली गठ्ठ्यात गेला.

पेढे वाटले. अजिंक्य ऋतुजाला म्हणाला, "आता आहेत तेच जंतू चालू देत. तुझा नवा फेरफार जमला तर बघू. मार्चची मुदत मात्र तीच हं!" पेढा तिच्या हातात तसाच राहिला.

११ फेब्रुवारी, बुधवार

ऋतुजा आली. हाडं निघालीत. बसवून कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली. खाता खाता गावाकडच्या बोलीत घसरली. एन्झाइम म्हणजे मण्यांची लांब माळ, गुंडाळून ठेवलेली. त्यातला एक मणी तिने बदलला. "आता तांबडं बनायला आत जागाच उरली न्हाई, अक्का! छोट्या बाटलीत लई झ्याक निळं येतंय. आता मोठ्या टाकीत आलं की झालं."

"घरचे काय म्हणतात?"

"आई म्हणती, जंतूंचं हात पिवळं केलंस, तुझं कवा?"

हसलो दोघी. मला काय त्याचं! तरी मोठी टाकी कधी भरणार ते विचारून घेतलं.

२ मार्च, सोमवार

टाकी भरली. ऋतुजाचा फोन — "अक्का, वास न्हाई!" एवढंच बोलून ठेवला.

९ मार्च, सोमवार

निव्वळ तिची खेप. लडी हौदातून पिवळट वर आली, वाऱ्यावर निळी होत गेली. खिडकीशी नेली. लाली औषधालासुद्धा नाही. ड्रममधल्या निळीची लडी शेजारी धरली, तर कुठली तेलाची आणि कुठली जंतूंची, मलाही सांगता येईना. ऋतुजा श्वास धरून उभी.

मग कपाटातून गोऱ्याचा मंजूर नमुना काढला. त्यात लाली आहे. हिच्यात नाही.

नापास केली.