पीचं बारसं

३ मार्च १९९७, सोमवार
आजपासून कर्नलची शुद्धी. ऑपरेटिंग सिस्टिमचं काळीज ते, आणि त्यात व्हेरिएबल्सची नावं काय, तर p, q, x! माणसं मांजरालासुद्धा बरं नाव ठेवतात. p चं बारसं केलं: running_process, म्हणजे सध्या चालू असलेलं काम, प्रोसेस. वाचलं की कळलं. मॅनेजर भीमाचार्य म्हणाले, "सरी, पण स्वल्प जपून." सरी म्हणजे कानडीत 'ठीक आहे', थोडक्यात पूर्ण पाठिंबा.

५ मार्च
शेजारच्या डेस्कवरची सुचेता नवी नावं बघून हसली. जळते. टीममध्ये समजूतदार एकटा उल्हास. नवीन आहे, सांगलीचा. मला शंतनुदादा म्हणतो. त्याने विचारलं, p मधली प्रोसेस कधीकधी झोपलेली पण असते ना? मी म्हटलं, अपवादासाठी नाव बिघडवायचं नसतं. तू नावावर विश्वास ठेव. पटलं त्याला. रविवारी रूमवर पोह्यांना बोलावलंय.

११ मार्च
आज सगळ्या फाइल्स संपवणार होतो. दुपारपर्यंत लाइट नव्हते. तरी जुन्या कॉमेंट्स उडवल्या. नावं बोलकी झाल्यावर टिपा कशाला? एक तर उगाच घाबरवणारी होती: 'झोपलेली असू शकते, आधी तपासा.'

१८ मार्च
क्लायंटसमोर डेमो. उल्हासचा भाग सुरू झाला आणि मशीन जागच्या जागी थिजलं. भीमाचार्यांनी विचारलं, प्रोसेस झोपलीय का ते तपासलं का नाहीस? हा पठ्ठ्या सरळ म्हणाला, "नावातच रनिंग होतं सर. शंतनुदादा म्हणाले, नावावर विश्वास ठेव." सगळ्यांसमोर! माझे पोहे खाऊन माझाच केसाने गळा कापला.

१९ मार्च
उल्हासशी अबोला. चहा घेऊन आला, म्हणाला, "दादा, माझंच चुकलं." मी स्क्रीनकडे बघत राहिलो. दगाबाज माणसं अशीच गोड बोलतात.
माझी बदली युजर मॅन्युअलवर. भाषा स्वच्छ आहे माझी, म्हणून असेल.

२१ मार्च
सुचेताला म्हटलं, मी चाललो, पण नावं तेवढी ठेवा, टीमला आता सवय झालीय. तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "शंतनु, आम्ही पहिल्यापासून कर्नलची जुनी कॉपीच वापरतोय. भीमाचार्यांनीच सांगितलं होतं."
सगळे? मी विचारलं.
"उल्हास सोडून. त्याला कितीदा सांगितलं. म्हणायचा, दादा सांगतात ते बरोबरच असणार."
अबोला मीच धरलाय. मोडायचा कसा, सुचत नाही.