पाण्याला विचार

बाबा, तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच पवनारच्या मळ्यात मी स्वतः सांभाराचे धणे पेरायला घेतले. महिनाभर घरीच आहे. शेजाऱ्यांना सुट्टी सांगितली. खरं तर चौकशी संपेपर्यंत मला विमान चालवायला बंदी आहे. काल वाफ्यात पाणी सोडलं तर ते सगळं एका कोपऱ्यात जमलं. नजरेला वाफा अगदी सपाट दिसत होता.

दहा वर्षांचा असताना असाच एक वाफा करून मी ऐटीत तुम्हाला बोलावलं होतं. तुम्ही लगेच पाणी सोडलं. अर्धा वाफा बुडाला, अर्धा कोरडाच. "काऊन बे, सपाट म्हणत होता ना?" मी म्हणालो, मले तसाच दिसला. "तुले दिसून काय होते? पाण्याले इचारत जा. अन् थकला असशीन तं दोनदा इचारजो." पुढे विमान शिकताना गुरुजींनी हेच सांगितलं. अंधारात जमीन-आभाळ एक होतं, विमान कलंडत असलं तरी अंगाला सरळच वाटतं, तेव्हा समोरच्या यंत्राचं ऐकायचं. मला हसू आलं होतं. हे तर मी मळ्यातच शिकून आलो होतो.

आणि तरी त्या दिवशी, पुतणीच्या लग्नात दोन रात्री जागून, 'पुरेशी विश्रांती झाली' या ओळीखाली मी सही ठोकली. चार तासांनी काळ्याकुट्ट आभाळातून धावपट्टीकडे उतरत होतो. शेजारी सहवैमानिक, आर्वीची पोरगी, नोकरीला दोनच वर्षं झालेली. "सर, आपण डावीकडे झुकून राह्यलो." यंत्रही तेच दाखवत होतं. माझं अंग म्हणत होतं, सरळ आहे. "चूप बस," मी खेकसलो. शेवटी तिनंच विमान हातात घेतलं आणि सावरलं, पण उंची उरली नव्हती. धावपट्टीच्या अलीकडेच आपटलो. चाक मोडलं, आणि तिचा हात. मला साधं खरचटलंही नाही.

बाबा, चूक झाली याची लाज एकवेळ पचली असती. चौकशीत मी लिहून दिलं की सहवैमानिकानं मला वेळेवर सावध केलं नाही. लहान विमान, आतलं बोलणं टिपणारं यंत्र नाही. माझ्या वीस वर्षांपुढे तिच्या दोन वर्षांचं कोण ऐकतो? तिची नोकरी जाईल असं म्हणतात. तिच्या वडिलांचा फोन आला होता. "साहेब, पोरीले सांभाळून घ्या," म्हणाले. मी हो म्हटलं, बाबा. अगदी सहज म्हटलं.

जबाब बदलायचा कागद इथंच पडलाय, कोरा. तुम्हाला मात्र दोन पानं भरून लिहिलं, कारण तुम्ही काही विचारायला येणार नाही.

तिनं तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा मला नीट ऐकू आलं होतं.